जुने अंक शाबूत, नवे विस्कटलेले : एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचे प्रकरण

तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय. वर्षाला चार अंक काढते आणि 2004 पासूनचा प्रत्येक अंक आपल्या संकेतस्थळावर ठेवते. ज्या कंपनीकडे संकेतस्थळ होते तिने ती सेवा गुंडाळली, म्हणून सगळ्या फाइली दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अहो, अंकाचं काहीतरी भलतंच झालंय. मराठी दिसतच नाही. चिनी का काय उमटलंय."

चिनी नव्हते. त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन लिपीतला पहिला स्वर, त्यापुढे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले वर्तुळ, मग नोंदणीकृत मुद्रेचे चिन्ह. पुन्हा तोच स्वर, तेच वर्तुळ, मग अंशाचे चिन्ह. मध्येच येनचे चिन्ह, मध्येच युरोचे. हा आकृतिबंध एकदा ओळखता आला की पुढे विसरता येत नाही. तिथे "मराठी" हाच शब्द लिहिलेला होता.

संगणकात मराठी मजकूर साठवायची आज सर्वमान्य असलेली रीत म्हणजे यूटीएफ-8. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट, म्हणजे 0 ते 255 मधले तीन आकडे, लागतात. "म" म्हणजे 224, 164, 174. "र" म्हणजे 224, 164, 176. पहिला बाइट सगळ्यांचा 224. दुसरा 164 किंवा 165. देवनागरीची 128 घरे या दोन पिशव्यांत निम्मी निम्मी वाटलेली आहेत, आणि वाटणीची रेघ नेमकी ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मधून जाते: ऱ्हस्व वेलांटी 164 च्या पिशवीतली शेवटची, दीर्घ वेलांटी 165 च्या पिशवीतली पहिली. आता हेच बाइट कोणी पश्चिम युरोपच्या भाषांसाठी बनवलेल्या विंडोज-1252 या तक्त्याने वाचले, तर त्याच्या लेखी एक बाइट म्हणजे एक अक्षर. 224 म्हणजे तो तिरक्या रेघेचा स्वर, 164 म्हणजे काड्यांचे वर्तुळ, 165 म्हणजे येन, 174 म्हणजे नोंदणीमुद्रा. एका "म" ची तीन चिन्हे होतात. मजकूर कुठेही गेलेला नसतो, वाचणारा चुकीचा तक्ता हातात घेऊन बसलेला असतो.

हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता. "मग जुने अंक कसे नीट दिसतायत?"

कोणाकडे बोट दाखवले गेले

2017 पर्यंतचे सगळे अंक व्यवस्थित होते. 2018 पासूनचे सगळे विस्कटलेले. योगायोग असा की 2018 मध्येच वाचनालयात टंकलेखनाला एक नवी मुलगी आली होती. कॉलेजात शिकते, संध्याकाळी येऊन अंक टाइप करते, पाने तयार करते. समितीच्या बैठकीत निष्कर्ष निघाला की हिचा कीबोर्ड वेगळा, फाँट वेगळा, म्हणून हिची पाने बिघडली. तिने सांगून पाहिले की जुन्या सर्व्हरवर हीच पाने सहा-सात वर्षे नीट दिसत होती आणि तिच्या संगणकावर आजही नीट उघडतात. कोणी मनावर घेतले नाही.

मला तिचे हे दोन्ही मुद्दे फार मोलाचे वाटले. फाइल तीच, संगणकावरून उघडली तर नीट, सर्व्हरवरून आली तर बिघडलेली. म्हणजे बिघाड फाइलीत असूच शकत नव्हता. सर्व्हर फाइलीसोबत काहीतरी बोलत होता आणि ब्राउझर त्याचे ऐकत होता.

खात्रीसाठी बाईंना म्हटले, फायरफॉक्समध्ये बिघडलेले पान उघडा आणि मेनूतून मजकुराचे एन्कोडिंग (बाइट वाचायचा तक्ता) दुरुस्त करण्याचा पर्याय दाबा. त्यांनी दाबला आणि फोनवरच ओरडल्या, "आलं की हो मराठी!" बाइट शाबूत आहेत, याचा याहून सोपा पुरावा नाही.

ब्राउझर कोणाचे ऐकतो

ब्राउझरच्या हाती येतात ते फक्त बाइट. ते कोणत्या तक्त्याने वाचायचे हे ठरवण्यासाठी एचटीएमएलच्या मानकात साक्षीदारांचा क्रम ठरवून दिलेला आहे. वरच्याची साक्ष मिळाली की खालच्याला विचारलेही जात नाही.

सगळ्यांत वरचा साक्षीदार फाइलीच्या अगदी तोंडाशी बसतो. 239, 187, 191 हे तीन बाइट. याला बॉम म्हणतात. मूळ काम बाइटचा क्रम दाखवण्याचे, पण यूटीएफ-8 मध्ये क्रमाचा प्रश्नच नसल्याने तिथे तो केवळ "मी यूटीएफ-8 आहे" एवढे सांगणारा शिक्का उरतो. तो दिसला की विषय संपला, सर्व्हर काहीही म्हणो.

दुसरा साक्षीदार खुद्द वाचक. बाईंनी मेनूतून जे केले ते हेच. तिसरा सर्व्हर: पान पाठवताना त्याआधी तो जे हेडर पाठवतो त्यातल्या कंटेंट-टाइप या ओळीत एन्कोडिंगचे नाव असू शकते. चौथा पानातलाच मेटा टॅग, म्हणजे पानाच्या माथ्यावर एन्कोडिंगचे नाव सांगणारी ओळ. ब्राउझर पानाचे पहिले 1024 बाइट चाळून तो शोधतो. इथेही काही नाही मिळाले, तर पान ज्या दुसऱ्या पानाच्या चौकटीत बसले असेल त्याचे एन्कोडिंग उचलतो, नाहीतर बाइटची वारंवारता पाहून अंदाज बांधतो, आणि तेही जमले नाही तर वाचकाच्या भाषेनुसार ठरवून ठेवलेला तक्ता घेतो.

मेटा टॅग चौथ्या क्रमांकावर आहे ही गोष्ट पाने बनवणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. आपण पानात यूटीएफ-8 लिहिले म्हणजे झाले, असे वाटते. त्या मुलीने प्रत्येक पानात ते बिनचूक लिहिले होते. पण नवा सर्व्हर हेडरमध्ये आयएसओ-8859-1 म्हणत होता, आणि हेडरपुढे मेटाचे काही चालत नाही. तिच्या संगणकावर फाइल थेट उघडली की हेडरच नसते, म्हणून तिथे मेटाचे ऐकले जाई आणि पान नीट दिसे.

फोटोतले युरोचे चिन्ह याच गोष्टीची आणखी एक खूण होती. खऱ्या आयएसओ-8859-1 मध्ये युरो नाही, 128 या जागी तिथे अदृश्य नियंत्रणचिन्ह आहे. पण ब्राउझर आयएसओ-8859-1 हे नाव ऐकले की सरळ विंडोज-1252 वापरतात, कारण जुन्या काळी लोक नाव एकाचे लिहीत आणि मजकूर दुसऱ्यात ठेवत. मानकानेच ही दोन नावे एक करून टाकली आहेत. "मराठी" मधली शेवटची दीर्घ वेलांटी 224, 165, 128 आहे, म्हणून त्या शब्दाच्या शेवटी येन आणि युरो शेजारी शेजारी दिसत होते.

आता बाईंचा प्रश्न. 2009 ते 2017 ची पाने एक निवृत्त शिक्षक विंडोजच्या नोटपॅडमध्ये तयार करत. जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-8 म्हणून फाइल ठेवली की तो न विचारता बॉम घालत असे. त्या सगळ्या पानांच्या तोंडाशी तो शिक्का होता आणि त्याने सर्व्हरला गप्प बसवले होते. मुलगी आधुनिक एडिटर वापरते. तो बॉम घालत नाही, आणि घालत नाही हेच बरोबर आहे, कारण पीएचपीसारख्या, सर्व्हरवर पाने तयार करणाऱ्या भाषेत हे तीन अदृश्य बाइट पानाच्या आधी बाहेर पडतात आणि वेगळाच घोळ घालतात. थोडक्यात, जुन्या पद्धतीच्या सवयीने जुनी पाने वाचवली आणि नीट काम करणारीवर ठपका आला. हे मी समितीच्या पुढच्या बैठकीत जाऊन सांगितले. दोन फाइलींचे पहिले दहा बाइट पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले, एकात 239, 187, 191 आणि दुसऱ्यात नाही. सचिव काका त्या मुलीकडे वळून म्हणाले, "पोरी, चुकलं आमचं."

सर्व्हर असे का म्हणतो

कंपनीला दोष देणे सोपे होते, पण त्या ओळीमागेही इतिहास आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संगणक-सुरक्षेच्या संस्थेने इशारा दिला होता की पान आपले एन्कोडिंग सांगत नसेल तर ब्राउझरच्या अंदाजाचा गैरफायदा घेऊन त्यात घातक स्क्रिप्ट घुसवता येते. अपाची या सर्व्हरमध्ये प्रत्येक पानाला ठरावीक एन्कोडिंगचे नाव लावायची सोय त्याच सुमारास आली, आणि 1999 च्या एचटीटीपी या, पाने पाठवण्याच्या मानकात मजकुराचे गृहीत एन्कोडिंग आयएसओ-8859-1 असल्याने पुष्कळ ठिकाणी तेच नाव लिहिले गेले. मानकातून ते गृहीतक 2014 मध्ये निघून गेले. यंत्रे बदलतात, पण कॉन्फिगरेशनची फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर तशीच उचलली जाते. इथेही तेच झाले होते.

पहिला उपाय अंगाशी आला

कंपनीला कळवले. त्यांनी तत्परतेने पूर्ण खात्याला यूटीएफ-8 चे हेडर लावले. नवे अंक झळकले, आणि तासाभरात बाईंचा पुन्हा फोन. 2004 ते 2008 च्या अंकांत आता काळ्या चौकटींत प्रश्नचिन्हे भरली होती.

ही पाने युनिकोडमधली नव्हतीच (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणारे मानक म्हणजे युनिकोड, आणि यूटीएफ-8 ही ते क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याची रीत). त्या काळी मराठी पाने बहुधा विशिष्ट फाँटवर चालत. फाइलीत साठवलेली असत ती युरोपीय अक्षरे, आणि फाँट त्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवी: एका जागी अर्धा "क", दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी रफार. वाचनालयातल्या एका संगणकावर तो फाँट अजून आहे, सभासद तिथेच बसून ते अंक वाचतात. या पानांना विंडोज-1252 च हवे. यूटीएफ-8 म्हणून वाचली की 127 च्या वरचे बहुतेक बाइट नियमबाह्य ठरतात आणि ब्राउझर त्यांच्या जागी ते प्रश्नचिन्ह ठेवतो. म्हणजे सर्व्हरचे ते चुकीचे हेडर या पाच वर्षांच्या पानांना चुकून बरोबर बसत होते.

मग हेडरमधून एन्कोडिंगचे नाव काढूनच टाकावे, प्रत्येक पानाने आपापले सांगावे, असे ठरले. माझाच सल्ला. तोही पुरा पडला नाही. जुन्या फाँटच्या पानांत मेटा नव्हता, त्यामुळे ती अंदाजाच्या स्वाधीन झाली. आणि नव्यांपैकी संपर्काच्या पानात मुलगी मेटा लिहायला विसरली होती. जुन्या सर्व्हरवर ते पान कोणी फारसे उघडले नसावे. तिच्या संगणकावर मात्र ते मेटाशिवायही सुरेख दिसत होते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण मराठीत काम करणाऱ्यांना हे माहीत असणे फार गरजेचे आहे. फाइल संगणकावरून उघडली तर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही बाइट तपासून यूटीएफ-8 ओळखतात. तीच फाइल इंटरनेटवरून आली तर मुद्दाम ओळखत नाहीत. अंदाज बांधणारी यंत्रणा तीच, पण उत्तर यूटीएफ-8 आले तर ते बाजूला ठेवले जाते. फायरफॉक्समध्ये 2020 साली हेन्री सिव्होनेन यांनी लिहिलेली नवी यंत्रणा आली, तीही या बाबतीत तितकीच ठाम आहे. कारणे विचार करण्यासारखी आहेत. पान तुकड्या-तुकड्यांनी येते. पहिल्या तुकड्यात नुसती इंग्रजी आज्ञावली असू शकते आणि पहिले मराठी अक्षर बऱ्याच उशिरा येते. तोवर ब्राउझरने पान रंगवायला घेतलेले असते, मग उलटे फिरून सगळे पुन्हा वाचावे लागेल. शिवाय अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघू लागला की लोक नाव लिहायचेच सोडतील. मला पूर्वी हा हट्ट वाटायचा, आता पटते.

राहिला अंदाज. तो जुन्या एन्कोडिंगसाठी आहे: रशियन, जपानी, चिनी, कोरियन, ग्रीक, थाई. या यादीत भारतातली एकही भाषा नाही. आपल्याकडे 1991 मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांच्या एन्कोडिंगचे राष्ट्रीय मानक झाले होते, युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली, पण ब्राउझरच्या एन्कोडिंगच्या मानकात इस्कीला जागा मिळाली नाही. त्यामुळे नाव न सांगितलेल्या मराठी पानाला ब्राउझर मराठी म्हणून ओळखण्याची वाटच नाही. ब्राउझर मराठीत वापरत असलात तरी शेवटचा गृहीत तक्ता विंडोज-1252 च. रशियन माणसाचे बिननावाचे जुने पान अंदाजाने वाचले जाण्याची बरीच शक्यता आहे. आपल्या पानाने आपले नाव स्वतः सांगितलेच पाहिजे.

शेवटी असे केले. पूर्ण संकेतस्थळाला यूटीएफ-8 चे हेडर. 2004 ते 2008 च्या फोल्डरांत प्रत्येकी एक एचटीअ‍ॅक्सेस फाइल (त्या फोल्डरापुरत्या सूचना सर्व्हरला देणारी), तिच्यात विंडोज-1252. आणि प्रत्येक पानात मेटा टॅग, शीर्षकाच्याही आधी. आधी का, तर 1024 बाइट ऐकायला पुष्कळ वाटतात, पण मराठी अक्षरे तीन बाइटची. पानाच्या माथ्यावर मराठीत परिचयाची टीप लिहिली तर 341 चिन्हांतच ती मर्यादा संपते.

दोन मागाहून सापडलेल्या गोष्टी

बिघाडाच्या आठवड्यात संपर्काच्या अर्जातून आलेले संदेश बाईंनी कचरा समजून बाजूला ठेवले होते. त्यांत असे होते: मराठी आणि असेच पुढे. पान विंडोज-1252 समजले गेले की त्यातला अर्जही विंडोज-1252 मध्येच पाठवला जातो. वाचकाने अर्जात मराठी टाइप केले, पण त्या तक्त्यात "म" नाही, म्हणून ब्राउझरने त्याऐवजी युनिकोडमधला त्याचा क्रमांक लिहून पाठवला. 2350 म्हणजे "म", 2352 म्हणजे "र". हे संदेश एका रिकाम्या पानात चिकटवून ब्राउझरमध्ये उघडले की लगेच वाचता येतात. सगळे वाचले, सगळ्यांना उत्तरे गेली.

दुसरी गोष्ट दुखावणारी होती. त्याच आठवड्यात कोणीतरी मदत म्हणून आषाढी अंकाची दोन पाने पडद्यावरून उचलून नव्याने साठवली होती, मूळ फाइलींच्या जागी. म्हणजे ती विचित्र चिन्हेच आता खरा मजकूर झाली. हेडर बरोबर, मेटा बरोबर, तरी पान बिघडलेले. फाइलीचा आकार जवळजवळ दुप्पट झाला होता, त्यावरून कळले: "म" चे 3 बाइट होते, आता तिरक्या रेघेच्या स्वराचे 2, वर्तुळाचे 2, नोंदणीमुद्रेचे 2, असे 6. "मराठी" हा शब्द 15 बाइटचा, तो 30 चा झाला होता.

हे उलटे फिरवता येते. प्रत्येक चिन्ह विंडोज-1252 च्या तक्त्याने परत एका बाइटमध्ये आणायचे आणि मिळालेली माळ यूटीएफ-8 म्हणून वाचायची. फक्त त्या तक्त्यात पाच घरे रिकामी आहेत: 129, 141, 143, 144, 157. ब्राउझर तिथे अदृश्य नियंत्रणचिन्ह धरून चालतो, पण नक्कल करताना, चिकटवताना ती चिन्हे वाटेत गळून पडली होती. आणि या पाच घरांत आपली काय काय चिन्हे येतात ते पाहा: पाय मोडण्याचे चिन्ह 141, ऱ्हस्व उकार 129, ए 143, ऐ 144, झ 157. त्यात भर म्हणून "ठ" चा शेवटचा बाइट 160, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. नकलेत तिची साधी मोकळी जागा झाली होती.

काही अक्षरे तर्काने परत आणता आली. 224, 165 नंतर तिसरा बाइट हरवला असेल तर तो पायमोड किंवा ऱ्हस्व उकार, क्वचित ॐ, आणि शब्द पाहून कोणते ते सहज कळते. 224, 164 नंतर मोकळी जागा असेल तर "ठ". पण लेख पंढरीच्या वारीवरचा होता. "विठ्ठल" या शब्दात व, वेलांटी, ठ, पायमोड, ठ आणि ल अशी सहा चिन्हे. त्यातली मधली तिन्ही नेमकी या गळतीतली. ओळीओळीत पुढे "वि" आणि मागे "ल", मध्ये पोकळी. स्क्रिप्टने जे जमले ते केले आणि उरलेले त्या मुलीने छापील अंक शेजारी ठेवून दोन संध्याकाळी बसून हाताने लावले.